नारू पायातून शिरतो की तोंडातून?

नारू झाल्याचे निदान करायला आमच्या भागात डॉक्टर लागत नाही. खर्ड्याच्या आसपासच्या गावांत उन्हाळ्यात कोणाच्या घोट्यावर फोड आला, त्याची निखाऱ्यासारखी आग होऊ लागली आणि गार पाण्यात पाय सोडताच बरे वाटले, की शेजारची म्हातारी चुलीपुढून न उठताच सांगते, "नारू हाय." पुढे फोड फुटतो आणि आतल्या हातभर लांब जंताचे सुतासारखे पांढरे टोक बाहेर डोकावते. ते काडीवर गुंडाळायचे, रोज थोडे थोडे. ओढायचे नाही. तुटला तर आतला नारू सडतो, आणि माणूस पायाने अधू होतो.

ज्यांच्या पायाला आज अशी काडी बांधलेली आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मी नवे काही शोधलेले नाही. जाणत्यांनी पूर्वीच शोधून ठेवलेली गोष्ट मी पाय उशीवर ठेवून पुन्हा शोधली, एवढेच. पण त्या शोधण्यात जो आनंद झाला, तसा मला धडधाकट असताना कधी झालेला आठवत नाही.

तुटला

मी गावच्या शाळेत मास्तर. माझे थोरले बंधू, ज्यांना सारे गाव दादा म्हणते, शेजारच्याच घरात राहतात आणि गावातल्या प्रत्येक पंचात असतात. माझ्या उजव्या घोट्यावर नारू दिसताच दादांनी एका राजवैद्यांना बोलावणे धाडले. ते कोणत्या राजाचे वैद्य, हे विचारण्याची पद्धत नव्हती.

राजवैद्यांनी एक श्लोक म्हटला, बिब्बा लावला, जमलेल्या मंडळींकडे एकवार पाहिले आणि झोकात काडी फिरवली. नारू तुटला. हातातला तुकडा त्यांनी उजेडात धरला आणि म्हणाले, "चला, निम्मं काम झालं."

उरलेल्या निम्म्याने माझा पाय गुडघ्यापर्यंत सुजवला. ताप चढला. दादा ओट्यावर बसून लेप सुचवत होते. तेव्हा माझी पत्नी रमा दाराआडून, भिंतीला सांगितल्यासारखी म्हणाली, "पाय भाऊजींच्या भावाचा आहे हे खरं. पण जन्मभर टेकू मला द्यायचा आहे. उद्या नगरला न्यायचं."

युद्ध चालू होते, पेट्रोल मिळत नव्हते. मोटार कोळशाच्या धुरावर चाले आणि चढ आला की उतारूंनी उतरून ढकलावी लागे. मला तेवढी माफी मिळाली.

माझ्यावर विश्वास ठेवू नका

नगरच्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या. नगरच्याच, ठेंगण्या, पांढरे लुगडे नेसणाऱ्या, आणि कोणाचेही ऐकून घेताना डोळे बारीक करणाऱ्या. त्यांनी गुडघ्याखाली चीर देऊन पू काढला. मी किती ओरडलो ते रमा अजून पाहुण्यांना सांगते.

दुसऱ्या दिवशी त्या खाटेशी आल्या. "मास्तर, गुडघा वाचला. पण ह्याच पायात पुन्हा नारू निघाला आणि असाच सडला, तर गुडघा आखडेल. मग काठी कायमची."

"पुन्हा निघू नये म्हणून काय करू?"

"पाणी गाळून प्या."

मी पुस्तके वाचणारा माणूस. वाचल्याने माणसाला ज्ञान होते की नाही ठाऊक नाही, पण हटवादीपणा नक्की येतो. मी म्हणालो, "बाई, आमचे वैद्य सांगतात नारू वातामुळे होतो. आमचे दादा सांगतात विटाळामुळे होतो. तुम्ही सांगता पाण्यामुळे. तिघंही सारख्याच खात्रीनं सांगता. मी निवड कशी करायची?"

मला वाटले, आता ह्या रागावणार. त्या हसल्या आणि पलीकडचे स्टूल ओढून बसल्या. "मग माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुम्हाला काय वाटतं?"

औषध देणाऱ्या माणसाने असे बोलल्याचे मी कधी ऐकले नव्हते. अंगात ताप होता, तरी मी उठून बसलो.

माझे मत पक्के होते. नारू पायातून निघतो, तेव्हा पायातूनच शिरत असला पाहिजे. आमच्या गावची विहीर म्हणजे पायऱ्यांची बारव. पाण्यात घोटाभर उतरल्याशिवाय घागर भरत नाही. ज्या गावांत दोराने पाणी शेंदायचे आड आहेत, तिथे नारू ऐकिवात नाही. आणखी काय हवे?

आणखीही मिळाले, तेही शेजारच्याच खाटेवर. तिथे करीमभाई होते, नगरच्या छावणीतले पखालजी, पाठीवर चामड्याच्या पखालीतून घरोघर पाणी घालणारे. ते पालथे पडून होते, कारण त्यांचा नारू पाठीतून निघाला होता.

"माझे पाय बघा मास्तर, नवरदेवाचे पाय," ते उशीत तोंड खुपसून म्हणाले. "नारू निघाला कुठून? ओली पखाल जिथं टेकते ना, बराबर तिथून. बेट्याला जागा काय सापडली!"

मला तर आनंदाने ओरडावेसे वाटले. पाणी पायाला लागते त्याच्या पायात, पाठीला लागते त्याच्या पाठीत! मी बाईंकडे खटला जिंकलेल्या वकिलासारखे पाहिले.

"छान," बाई म्हणाल्या. "आता एवढंच सांगा, काय दिसलं तर तुम्ही हा तर्क सोडून द्याल?"

तर्क हा शब्द मला लहानपणापासून ठाऊक आहे. आमच्याकडे तो दुसऱ्याला हरवण्यासाठी वापरतात. कीर्तनकार वापरतात, वकील वापरतात, दादा तर जेवताना वापरतात. स्वतःचा तर्क कुठे हरेल ते आधी सांगून ठेवायचे, ही रीत मला नवीन होती.

"माझाही एक तर्क ऐका," त्या म्हणाल्या. "नारूच्या मादीला पिल्लं पाण्यात सोडायची असतात. म्हणून अंगाचा जो भाग नेहमी ओला, गार, तिकडे ती सरकते. तुमचा पाय, ह्यांची पाठ. म्हणजे तुमचा पुरावा माझ्या तर्कातही बसला की नाही?"

बसला होता.

"जो दोघांच्याही तर्कात बसतो तो पुरावा कोणाचाच नाही. आपल्या दोघांचं जिथं पटणार नाही अशी जागा शोधा. मला अजून बऱ्याच जखमा बांधायच्या आहेत." आणि त्या गेल्या.

लोट्यातले जनावर

दवाखान्यातले दिवस सगळ्यांचे सारखेच असतात. सकाळी पट्टी, मग पेज, मग दुसऱ्याच्या पट्टीचे ओरडणे, मग पुन्हा पेज. पण मला आता एक धंदा लागला होता. जखम सोडताना मी दात आवळण्याऐवजी विचार करीत असे: पायवाले आणि तोंडवाले कुठे भांडतील?

रमा गावी जाऊन आली तेव्हा बाईंनी सांगितल्याप्रमाणे बारवेचे पाणी लोट्यातून घेऊन आली. बाईंनी ते काचेच्या पेल्यात ओतून खिडकीपाशी धरले. पाण्यात पांढरे कण होते. आणि ते कण उड्या मारीत होते.

त्यांतला एक त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मला दोघांनी धरून टेबलापाशी नेले. मी डोळा लावला आणि पाय विसरलो. एकच डोळा असलेले, शेपटीपाशी अंड्यांच्या दोन पिशव्या लटकवलेले, काचेसारखे एक जनावर माझ्याकडे पाहत होते! मग रमाने डोळा लावला.

"अगं बाई! हे आपण पितो?"

"रोज," बाई म्हणाल्या.

"आणि भाऊजी सांगतात, आपल्या घराण्यात सात पिढ्या मांस शिवलेलं नाही!"

मग बाईंनी करीमभाईंच्या पाठीवर गार पाण्याचा बोळा दाबला. नारूच्या तोंडाशी दुधासारखा थेंब आला. त्या थेंबात अगणित शेपट्या वळवळत होत्या. करीमभाई पालथ्यापालथ्याच विचारत होते, "लडके किती, लडकी किती?" बाईंनी तो थेंब लोट्यातल्या पाण्यात मिसळला. दुसऱ्या दिवशी पाहिले तर त्यांतली काही पिल्ले त्या एकडोळ्या जनावरांच्या, म्हणजे पाण्यातल्या पिसवांच्या, पोटात वेटोळे करून बसली होती.

मी थरारून गेलो. पण हट्ट ही जित्याची खोड, ती थरारून जात नाही. मी म्हणालो, "ह्यानं एवढंच दिसलं की नारू पिसवेच्या पोटात जातो. पिसू माझ्या पोटात गेल्यावर तिचा नारू होतो हे कुठं दिसलं?"

बाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली. गुण देताना मी मुलांच्या पाठीवर मारतो तशी.

सगळे म्हणजे कोण

आता जागा सापडली होती. दोन प्रकारची माणसे हवी होती. एक, रोज पाण्यात उतरणारे पण ते पाणी तसेच न पिणारे. दुसरे, ते पाणी पिणारे पण कधीच त्यात न उतरणारे. माझा तर्क खरा, तर पहिल्याला नारू व्हावा, दुसऱ्याला नाही. बाईंचा खरा, तर नेमके उलट.

पहिले माणूस रमानेच दिले. "शेठाणीबाई!" गावातले किराणा दुकानदार जैन. त्यांच्या घरी पाणी दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय थेंब पीत नाहीत. "रोज माझ्या शेजारी घोटाभर पाण्यात उभ्या असतात. त्यांच्या घरी नारू कधी कोणाला झाला नाही. आणि गंमत सांगू? फडक्यात अडकलेले जीव मरू नयेत म्हणून त्या ते फडकं पुन्हा बारवेतच उलटं झटकतात."

"म्हणजे त्यांनी वाचवलेले जीव आपण प्यायलो," मी म्हणालो. अहिंसेचा असा परिणाम कोणत्याही ग्रंथात दिलेला नाही.

तरी मी मान तुकवली नाही. ते कांदा-लसूण खात नाहीत, कदाचित त्यामुळे असेल. दुसरे माणूस हवे. "पण ते मिळायचं नाही," मी सांगितले. "आमच्या गावात बारवेत सगळेच उतरतात."

करीमभाई आता कुशीवर वळू शकत होते. वळून म्हणाले, "सगळे म्हणजे कोण कोण, मास्तर?"

मी बोटे मोजू लागलो आणि वेशीपाशी अडलो.

आमच्या वेशीबाहेर एक वस्ती आहे. तिथल्या माणसांना बारवेच्या पहिल्या पायरीलाही पाय लावायची बंदी होती. ते ओढ्याच्या वाळूत झिरा उकरून पाणी पीत. त्यांची मुले माझ्या शाळेत येत, वेगळी बसत. इतकी वर्षे मी त्या गावात 'सगळे' हा शब्द वापरीत आलो होतो, आणि तो किती लोकांचा आहे हे मला विचारायला एक पखालजी लागला.

पण लाज वाटायला वेळ नव्हता, कारण लगेच दुसरे सुचले. सखाराम! त्याच वस्तीतला, दादांच्या गोठ्यात राबणारा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथेच असे. तहान लागली की ओट्याखाली ओंजळ धरी आणि घरातले कोणी वरून पाणी ओती. बारवेचे पाणी. ज्याच्या पायाला बारव ठाऊक नाही असा, तिचेच पाणी पिणारा माणूस. गावाने स्वतःच्या हाताने तयार करून ठेवलेला.

सखारामला नारू झाला होता का? माझ्या भावाच्या गोठ्यात माझ्यादेखत वाढलेला माणूस, आणि मला ठाऊक नव्हते.

"विचारून कळवा," घरी निघताना बाई म्हणाल्या. "आणि आणखी एक. नारू आत वर्षभर राहतो. येत्या उन्हाळ्यात निघेल तो ह्या वर्षी प्यायलेल्या पाण्याचा. तुमच्या गाळण्याची परीक्षा त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. हे आत्ताच चारचौघांत सांगून ठेवा. मागाहून सांगितलं तर तो बहाणा होतो."

परसाद

घरी पोचल्यावर काठी टेकीत मी आधी गोठ्यात गेलो. सखाराम शेण भरत होता.

"सखाराम, तुला नारू झाला होता का रे कधी?"

"झाल्ता की. दोन डाव." त्याने पोटरीवरचा वण दाखवला. "तवा तुमी शाळंचं इनिसपेक्शन म्हनून गडबडीत हुता."

"वस्तीत आणखी कोणाला?"

"वस्तीत कुनाला न्हाई. आमी गावात राबनारं दोगंतिगं, आमालाच तेवढा." मग शेणाची पाटी खाली ठेवून म्हणाला, "पायरी न शिवता तुमच्या बारवेचा तेवढाच परसाद मिळाला बगा."

मी हरलो होतो. साफ, स्वच्छ, कोणताही आडपडदा न ठेवता हरलो होतो, आणि मला नाचावेसे वाटत होते. गुडघा परवानगी देत नव्हता.

"हसताय का, मास्तर?" सखाराम म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता.

मी ओशाळलो. जे मला कोड्याचे उत्तर होते तो त्याचा पाय होता. मग खाली बसून मी त्याला पहिल्यापासून सगळे सांगितले: पिसू, शेठाणीबाई, फडके. त्याने नीट ऐकले.

"म्हंजी गाळून प्याचं. पन आमाला वरून वततात. गाळाया भांडं कुटाय?" थोडा विचार करून त्याने डोक्याच्या पटक्याचा शेव सोडला, दुहेरी केला आणि ओंजळीवर पसरला. "आसं?"

"असंच!" मी इतक्या मोठ्याने म्हणालो की म्हैस उठून उभी राहिली.

त्या आठवड्यात मी चावडीवर सांगून टाकले: येत्या उन्हाळ्यात मला नारू निघाला तर तो जुना, त्याच्या पुढल्या उन्हाळ्यात गाळून पिणाऱ्याला निघाला तर माझे सगळे खोटे. दादा तक्क्याला टेकून म्हणाले, "हे शास्त्र आहे की भविष्य? आमच्या घराण्यात चिंधीतून पाणी पिण्याची रीत नाही." लोक हसले. काही घरांनी मात्र गुपचूप फडकी बांधली. बायकांनी बांधली, पुरुषांना न विचारता.

सखारामची चिंधी दादांना फार लागली. "माझ्या घरच्या पाण्यात किडे आहेत काय रे?"

"तसं न्हाई मालक. दात किडल्यात. पानी थेट लागलं की कळ येती."

दोन उन्हाळे

पहिल्या उन्हाळ्यात नारू निघालाच. नशिबाने डाव्या पायात. दादा समाचाराला आले आणि माझ्यापेक्षा त्यांचीच प्रकृती चांगली वाटली. "काय, चिंधी फाटली वाटतं?" मी सांगितले की हा मागल्या सालचा पाहुणा, आणि हे मी चावडीवर आधीच बोललो आहे. पण आतून मी घाबरलो होतो. आधी बोललो म्हणून ते खरे ठरत नाही. फक्त खोटे ठरायला मोकळे राहते.

रमाने तो नारू रोज ओल्या फडक्याने शेकून काडीवर घेतला, भाकरीला पीठ मळावे तितक्या सावकाशीने. तो अख्खा निघाला. ज्यांच्या घरी असा हात आहे त्यांनी वैद्याला बोलावू नये.

दुसरा उन्हाळा हा माझ्या आयुष्यातला सर्वांत लांब उन्हाळा. होळीपासून मी रोज सकाळी उजवा पाय मांडीवर घेऊन बसे. मुंगी चावली तरी रमाला हाक मारी. एकदा घोट्याजवळ लालसर गाठ आली. दोन दिवस मी जेवलो नाही. तिथे गार पाणी धरायचे, बरे वाटले तर नारू, हे ठाऊक होते. पण पाणी धरायचा धीर होत नव्हता. शेवटी रमाने न विचारता तांब्या ओतला. काही फरक पडला नाही. गाठ वहाणेचा पट्टा घासून आलेली होती.

आषाढ उजाडला. माझा पाय कोरडा. रमा, शेठाणीबाई, फडकी बांधणारी ती घरे, कोणालाच काही नाही. न गाळणाऱ्या घरांत नेहमीसारख्या काड्या फिरत होत्या. आणि त्यांतले एक घर दादांचे होते.

मी समाचाराला गेलो. काहीही बोलायचे नाही, असे रमाने बजावून पाठवले होते. दादा ओट्यावरच्या खाटेवर पायाला काडी बांधून बसले होते. खाली अंगणात सखारामने आत्ताच काम थांबवले होते. घरातून तांब्या आला. आधी दादा प्याले. मग तोच तांब्या वरून तिरपा झाला आणि सखारामने पटक्याचा शेव ओंजळीवर पसरला.

एक घर, एक रांजण, एक तांब्या. एकाच्या ओंजळीवर कापड होते, दुसऱ्याच्या ओठांवर घराणे होते. कोणत्याही डॉक्टरला ह्याहून नेटकी परीक्षा मांडता आली नसती. एका सखारामाने सिद्ध काही होत नाही, हे मला कळत होते. तरी मी पाहत राहिलो. दादाही पाहत होते. आपला पाय, मग त्याचे पाय. त्याचे पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी विचारले,

"सखाराम, तुला औंदा नाही ना झाला?"

"न्हाई मालक."

"ते कापड कसं धरतोस रे?"

सखारामने अंगणातूनच हात उंच करून दाखवले. दादांनी डोळे बारीक केले. "घडी किती पदरी? लांबून दिसत नाही. वर ये."

सखाराम जागचा हलला नाही. त्याने माझ्याकडे पाहिले, मग ओट्याच्या पायरीकडे. "वर येऊ म्हनता?"

"मग काय," दादा करवादले, "असल्या पायानं मी खाली येऊ?"